पास्कलची चूक

मीरा रोड, ६ जानेवारी १९९७

प्रिय पास्कल,

अक्षर ओळखलंस का? कारखान्यात माझ्या ड्रॉइंगवरचे आकडे न विचारता वाचणारा फिटर तू एकटाच होतास, तेव्हा ओळखशील असं धरून चालतो. पाच वर्षांनी लिहितोय. मीरा रोडहून उत्तन म्हणजे भाईंदरपर्यंत रिक्षा आणि पुढे एक बस. एवढ्याशा अंतरासाठी टपालखात्याला कामाला लावणारा मी पहिलाच असेन. सुचेता म्हणाली, "अहो, सरळ जाऊन या की." तिला म्हटलं, आठवडाभर कारखाना, रविवारी तलाव, जाऊ कधी? ती लगेच गप्प बसली. आमच्या घरात ती लगेच गप्प बसली की समजायचं, तिला पटलेलं नाही.

लिहायचं निमित्त तुझी ॲलिसन. काल ती बोरिवलीच्या तरणतलावावर आली होती. मी ओळखलंच नाही. तुझ्याकडे ॲग्नेसवहिनींच्या हातचं जेवायला यायचो तेव्हा ही दोन वेण्या घालून माझ्या ताटाकडे बघत बसायची, काका किती बोंबील खातात म्हणून. आता प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणे. खांद्याला झोळी, झोळीत छापील फॉर्मचा गठ्ठा. तिने कॉलेजच्या प्रकल्पाला विषय घेतलाय आपल्यासारख्यांचा. नोकरी सांभाळून, सुट्टी काढून, पाठीला हवेची टाकी बांधून हौसेने समुद्रात उतरणारी माणसं पाण्याखाली जबाबदारीने वागतात ती कशामुळे, हे तिला शोधून काढायचंय. ज्ञानामुळे, भीतीमुळे, सवयीमुळे की लोक काय म्हणतील म्हणून?

फॉर्म चार पानांचा आहे. प्रवाळाला हात लावता का? जोडीदाराला सोडून पुढे जाता का? हवा किती उरली ते जोडीदाराला खरं सांगता का? प्रत्येकापुढे तीन चौकोन: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. मी भराभर खुणा केल्या. हवेच्या प्रश्नापाशी पेन जरा अडलं, रिफिल संपत आली असावी. तिथे "नेहमी" केलं.

तू सोडून गेल्यापासून आपल्या पाणबुड्यांच्या मंडळात शिस्तीचं खातं माझ्याकडे आहे. हसू नकोस. यंदाच्या तुकडीत सत्तावीस जण आहेत आणि सगळे मला टरकून असतात. बाबाजी सर आता सत्तरीचे झाले, ते बाकावर बसून बघतात, शिट्टी माझ्या गळ्यात. ॲलिसनला मी आपली बोटांची पद्धत समजावून सांगितली: भरलेली टाकी म्हणजे दहा बोटं, जोडीदाराने खूण केली की आपला काटा बघायचा आणि उरली असेल तेवढी बोटं दाखवायची, तीनवर आलं की सगळ्यांनीच वर यायचं, काही झालं तरी. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, मला ही पद्धत माहीत आहे. पप्पांनी शिकवलेली." मग कशाला सांगू दिलं मला?

निवतीच्या समुद्रातल्या अपघाताचा विषय तिनेच काढला. तू घरी जे सांगितलंस तेच तिला ठाऊक आहे: तळाला पाणी गढूळ होतं, आत्मारामकाकांनी तीन बोटं दाखवली, पप्पांना पाच दिसली, पप्पा पुढे गेले आणि काकांची हवा संपली. तिने अगदी शांतपणे सांगितलं. मी मान हलवली.

तुझा पाय कसा आहे? कळवलंस तर बरं वाटेल. नाही कळवलंस तरी मी समजून घेईन.

आत्माराम

मीरा रोड, २० जानेवारी १९९७

प्रिय पास्कल,

उत्तर आलं नाही. येणार नाही असंच वाटलं होतं, तरी रोज जिन्याखालच्या पेटीत हात घालून बघत होतो.

काल ॲलिसन परत आली. तुकडीकडून फॉर्म भरून घ्यायचे होते. मला ती येणार आहे हे ठाऊक नव्हतं, हे आधी सांगतो. मी तलावाच्या काठावर उभा राहून दरवर्षीचा धडा देत होतो. तो धडा काय असतो हे तुला कोणी सांगितलं नसणार. मला सांगायलाही लाज वाटतेय. मंडळात त्याला "पास्कलची चूक" म्हणतात. मी सांगतो की आमच्यात पास्कल म्हणून एक होता, उत्तनच्या कोळ्याचा मुलगा, पाण्यात आमच्या सगळ्यांहून सरस. त्यानेही एकदा जोडीदाराची बोटं नीट बघितली नाहीत, आणि त्याचा पाय कायमचा गेला. म्हणून बोटं दोनदा बघा. शक्य असेल तर जोडीदाराचा काटा स्वतः हातात धरून बघा. मग पोरं पाण्यात उतरल्यावर एकमेकांचे काटे अगदी नाकाला लावून बघतात.

बोलून झालं आणि मागच्या खांबापाशी ॲलिसन दिसली. वहीत लिहीत होती.

नंतर तिने फॉर्म गोळा केले आणि तिथेच बाकावर बसून चाळले. "काका, तुम्ही इतके काटेकोर कशामुळे, या प्रश्नाला सत्तावीसपैकी चोवीस जणांनी एकच उत्तर लिहिलंय. पास्कलची चूक." मी म्हटलं, मुली, माफ कर, तुझ्यासमोर नाव घ्यायला नको होतं. तर ती म्हणते, "नाही काका, मला बरं वाटलं. माझ्या निबंधाचा निष्कर्षच मिळाला. पप्पांची चूक वाया गेली नाही. मी त्यांचं नाव घालूनच लिहिणार आहे. पंधरा फेब्रुवारीला द्यायचाय, दिल्यावर घरी सगळ्यांना वाचून दाखवीन."

आणि मग निघता निघता सहज म्हणाली की पप्पा दरवर्षी भाईंदरला डोळे तपासायला जातात. डॉक्टर म्हणतात नंबर नाही, मोतीबिंदू नाही, काही नाही. पप्पा म्हणतात, नीट तपासा, मला बोटं मोजता येत नाहीत. गेल्या वर्षी डॉक्टरने वैतागून आपला पंजा त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, किती? पप्पांनी बरोबर सांगितलं आणि तरी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले.

पास्कल, हे मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो.

काल दुपारपासून मी विचार करतोय. असं झालं असेल का, की मी बोटं नीट उघडली नसतील? पाणी थंड होतं, माझी बोटं आखडली होती. तीन दाखवायची आणि चुकून अजून दोन अर्धवट वर राहिली असतील, तर समोरच्याला पाच दिसू शकतात. म्हणजे तुझ्या डोळ्यांचा दोष नाही आणि माझाही फारसा नाही. तू डोळ्यांचा विचार सोडून दे. एवढं सांगायलाच हे पत्र.

आणि खरं सांगायचं तर तुम्ही लोक मला किती चिडवायचात! माझी हवा सगळ्यांआधी संपायची, तर तूच माझं नाव "भाता" ठेवलंस. लोहाराच्या भात्यासारखा भसाभस हवा ओढतो म्हणून. आख्ख्या मंडळात तेच झालं. माणसाच्या मनावर परिणाम होतो रे.

शेवटचा परिच्छेद आता वाचला. खोडत नाही, कारण खोडला तर मी त्यात काय लिहिलं होतं याचा तू विचार करत बसशील.

आत्माराम

मीरा रोड, २७ जानेवारी १९९७

पास्कल,

बोटं आखडली नव्हती. मी पाच दाखवली.

हे एक वाक्य लिहायला आठवडा गेला. आता बाकीचं एका दमात लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा थंड पाण्याच्या गोष्टी सांगायला लागेन.

त्या दिवशी सकाळच्या डुबकीला माझ्यामुळे आठच्या आठ जणांना बावीस मिनिटांत वर यावं लागलं. नियमच तसा, एकाची हवा तीनवर आली की सगळे वर. जेवताना बोटीत सगळ्यांनी माझी यथेच्छ उडवली. कोणीतरी म्हणालं, दुपारी भात्याला बोटीवरच ठेवा, नांगराला बांधून. तूही हसलास. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. आणि कोणी बघत नाही असं पाहून ताटातलं उरलेलं समुद्रात टाकलं. चाळिशीच्या माणसाला एवढ्या तेवढ्याचं काय वाटतं, असं तू म्हणशील. वाटतं. मला पहिल्यापासून वाटत आलंय. कारखान्यात, सोसायटीत, सासुरवाडीला, कुठेही आपल्यामुळे लोकांचा खोळंबा झाला की मला तोंड लपवावंसं वाटतं.

दुपारी खाली वीस मीटरवर तू मला खडकाच्या पोटात राहणारा तो मोठा हेकरू मासा दाखवायला नेत होतास. वाटेत थांबलास, खूण करून हवा विचारलीस. मी काटा बघितला. तीन. तुझ्यामागे बाकीचे दिसत होते, जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. मी तुझ्यासमोर हात धरला आणि पाची बोटं चांगली ताठ उघडली. पाणी गढूळबिढूळ काही नव्हतं. तू बघितलंस, मान डोलावलीस आणि पुढे झालास.

आणि ती पहिली वेळ नव्हती. त्या मोसमात मी आधी चार वेळा दोन-दोन बोटं जास्त दाखवली होती. प्रत्येक वेळी निभावलं, म्हणून पाचव्या वेळी काहीच वाटलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी माझ्या बाजूने कोणी सांगितलेलं नाही. श्वास ओढला तर नळीतून काही येईना. मी तुझ्या तोंडातली नळी ओढून घेतली. शिकवल्याप्रमाणे दोन श्वास घेऊन परत द्यायची होती. मी दिली नाही. पाय मारत वर सुटलो आणि तुला ती नळी हिसकावून घेऊन वेगळं होता आलं असतं, पण तू माझा पट्टा धरून मला खाली खेचत राहिलास, फार वेगाने वर जाऊन माझी फुप्फुसं फुटू नयेत म्हणून. सकाळी अडकलेला नांगर सोडवायला तू एक जादा डुबकी मारली होतीस, त्यामुळे तुझ्या अंगात जास्त हवा मुरली होती, घाईने वर आल्यावर ती तुलाच बाधली. मला साधं डोकंही दुखलं नाही.

बोटीवर तुझा डावा पाय बधिर पडत चालला होता. बाबाजी सरांनी विचारलं, हवा विचारली नव्हतीस का? तू म्हणालास, "सर, विचारली. त्याने पाच दाखवली." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तीन."

एकच शब्द बोललो. त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलोय, पण सुचलं होतं. दोन्ही आकडे तोंडात होते.

तू माझ्याकडे बघत राहिलास आणि मग सरांना म्हणालास, "भात्या खोटं न्हाय बोलणार. माझंच बघायला चुकलं असेल." ते ऐकल्यावर मी कधीच तुझ्या घरी येऊ शकलो नाही. कारखाना आणि रविवारचा तलाव या सगळ्या थापा. तुला नौदलाच्या इस्पितळात उपचारासाठी हवेच्या दाबाच्या खोलीत ठेवलं होतं, तेव्हाही मी फाटकापर्यंत आलो आणि बाहेर उसाचा रस पिऊन परत फिरलो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर शिट्टी गळ्यात घालून शिस्त शिकवतोय. मी खरोखर फार काटेकोर झालोय, पास्कल. जोडीदाराचा काटा हातात धरल्याशिवाय कोणाच्याही बोटांवर मी विश्वास ठेवत नाही. लोकांना वाटतं, बघा, त्या प्रसंगातून माणूस किती शिकला. शिकलो ते एवढंच, की बोटं खोटं बोलतात.

तुझे डोळे चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले होते.

येऊ का?

आत्माराम

उत्तन, ३ फेब्रुवारी १९९७

आत्मारामभाऊ,

मी ॲग्नेस लिवते. पत्र लिवायची सवय न्हाय, चुकलं तर संभाळून घ्या.

तुमची तिन्ही पत्रं पोचली. पहिली दोन पास्कलने वाचली न् खिडकीत ठेवली. तिसरं आलं तवा तो घरात न्हवता. पाकीट जाड होतं म्हणून मी फोडलं. पुरं वाचायला मला दोनदा बसावं लागलं. पहिल्यांदा मधेच उठले न् वाळत घातलेले बोंबील उलटायला गेले. अर्धे सकाळीच उलटलेले, तरी परत उलटले.

आमच्या घरात काय चाललंय ते तुमाला न्हाय ठाऊक म्हणून सांगते. पाय लंगडा हाय पण बोटीचं सुकाणू बसून धरता येतं. तेवढं त्याला जमलं असतं. पण त्या दिवसापासून त्याने सुकाणूला हात लावला न्हाय. बोलतो, ज्याला तीन न् पाच कळत न्हाय त्याने चार माणसांचा जीव घेऊन दर्यात जाऊ नये. बोट माझा भाऊ नेतो. पास्कल किनाऱ्याला बसून जाळी शिवतो. एकेक गाठ तीन वेळा बघतो. पायाचं मी सोसलं, आत्मारामभाऊ. डोळ्यांचं मला सोसवत न्हाय.

हे पत्र मी त्याला दिलं न्हाय. माझ्या कपाटात साड्यांखाली हाय.

तुमी खोटं बोललात ते चारचौघांत. मंग खरं बंद पाकिटात का घालून पाठवताय? वाचून त्याने काय करायचं? परत खिडकीत ठेवायचं? तुमी दरवर्षी नव्या पोरांना त्याचं नाव घेऊन शिकवताय, ॲलिसनने मला सांगितलंय. तिथंच उभं राहून सांगा. ते सर असू देत, ॲलिसन पण असू दे. तिला मी कायच बोलले न्हाय, तुमीच बोला. तिचा निबंध पंधरा तारखेला हाय. तिच्या हाताने बापाची चूक लिवून घेऊ नका.

तुमी सांगाल त्या दिवशी पत्र त्याच्या हातात देईन. न्हाय सांगितलंत तर चुलीत घालीन, न् मंग परत लिवू नका.

सुचेताबाईंना सांगा, मी विचारलं म्हणून. त्यांचा यात काय दोष न्हाय.

ॲग्नेस

मीरा रोड, १० फेब्रुवारी १९९७

पास्कल,

हे पत्र मागच्या पत्रासोबत तुझ्या हातात पडेल. ॲग्नेसवहिनींनी ते का ठेवून घेतलं होतं हे त्या सांगतील. त्यांचं बरोबर होतं.

आधी सुचेताला सांगितलं, शनिवारी, भाजी निवडताना. ती मेथीच्या काड्या मोडत होती. म्हणाली, "पाच वर्षं दर नाताळला मी म्हणतेय त्यांच्याकडे जाऊन येऊ. दरवेळी तुमचं पोट दुखायचं." मग काड्यांचा ढीग बाजूला सारून म्हणाली, "ती बाई मला काय समजत असेल?" आणि रडली. मला वाटलं होतं ती माझ्यासाठी रडेल, काय मूर्ख माणूस आहे मी.

काल तलावावर सगळे होते. सत्तावीसच्या सत्तावीस, बाकावर बाबाजी सर, आणि मी मुद्दाम बोलावल्यामुळे ॲलिसन. मी नेहमीच्या जागी उभा राहिलो. ठरवून गेलो होतो की पहिलंच वाक्य खरं बोलायचं, पण तोंडातून सवयीने निघालं, "आमच्यात पास्कल म्हणून एक होता." तिथे थांबलो. मग सांगितलं. तीन होती, पाच दाखवली, कारण मला हसतात म्हणून. वर आल्यावर तीन म्हणालो, कारण मला धरतील म्हणून. पास्कलने बरोबर बघितलं होतं. त्याची चूक एवढीच की त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

मग नीरज म्हणून एक पोरगा आहे, बँकेत लागलाय, त्याने हात वर केला. "सर, मीपण दोनदा एक बोट जास्त दाखवलंय. या तलावातच." त्याच्या शेजारची मुलगी त्याच्याकडे बघायला लागली, ती त्याची जोडीदार. आणखी एकाने हात वर केला. मग आणखी एकीने. पाच वर्षं मी त्यांना समोरच्याची बोटं दोनदा बघायला शिकवत होतो. आपली बोटं खरी दाखवा हे एकदाही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार?

बाबाजी सर काठी टेकत उठले. मला वाटलं मारतात की काय. "शिट्टी दे," म्हणाले. दिली. "त्या अपघाताचा अहवाल मी लिहिला होता. खाली माझी सही आहे. एका चांगल्या माणसाला मी कागदावर आंधळा ठरवला, तुझ्या एका शब्दावर." शिट्टी त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातली. "पुढच्या रविवारपासून शिकवायला येऊ नकोस. आलास तर शिकायला ये, पहिल्या पायरीवर बस." अहवाल ते नव्याने लिहिणार आहेत आणि त्याची प्रत स्वतः उत्तनला आणून देणार आहेत. त्यांना गुडघ्याने बस चढवत नाही, तरी येणार म्हणतात.

ॲलिसनने आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. तिने वही मिटली, झोळीत घातली. माझ्याजवळ येऊन विचारलं, "काका, पप्पा डोळे तपासायला जातात हे मी तुम्हाला कधी सांगितलं?"

"एकोणीस जानेवारीला."

"म्हणजे तीन आठवडे झाले."

पाच वर्षांचा हिशेब मी मनात तयार ठेवला होता. हे तीन आठवडे त्यात धरलेच नव्हते. मग तिने झोळीतून माझा फॉर्म शोधून काढला आणि माझ्या हातात दिला. "हा परत भरा. बाकीच्यांकडूनही भरून घेणार आहे." तिथेच उकिडवा बसून भरला. हवेच्या प्रश्नावर "कधीकधी" केलं आणि शेवटी, कशामुळे, या ओळीवर लिहिलं: लोक हसतील म्हणून. तिने वाचला, घडी घातली आणि गेली. "येते" म्हणाली नाही.

माफी मागायचं धाडस होत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी काही लादायचा मला हक्क नाही. मागच्या पत्रात "येऊ का" असं विचारलं होतं, ते मात्र अजून विचारतोय.

आत्माराम

उत्तन, १५ फेब्रुवारी १९९७

आत्माराम,

दोन्ही पत्रं ॲग्नेसने एकदम दिली. बुधवारी, आमचे उपास सुरू होतात त्या दिवशी, चर्चमधून कपाळाला राख लावून आल्यावर. मी तशीच राख घेऊन वाचायला बसलो. वाचून जे बोललो ते उपासाच्या दिवसात बोलायचं न्हवतं. ॲग्नेसने कानावर हात ठेवले.

मंग मी तिला बोललो, पाच होती. ती बोलली, हाव, पाचच होती. मी परत बोललो. दिवसभर तेच चाललं होतं आमचं, घरात येडे झालेले दोघं.

पायाचा मला राग न्हाय. खाली तू घाबरलास. घाबरलेला माणूस काय पण करतो. मी लहान असताना बुडायला लागलो तवा बापाच्या मानेला अशी मिठी मारली की तो पण खाली चालला होता. ते मी समजतो. पण बोटीवर तू घाबरलेला न्हवतास. टॉवेल गुंडाळून चहाचा पेला हातात घेऊन बसला होतास. मी आडवा पडून तुझ्याकडेच बघत होतो. "तीन" बोलून तू चहाचा घोट घेतलास. हे तू पत्रात लिवलं न्हाय. इसरला असशील. मला दिसत होतं, माझे डोळे चांगले हायत.

मी हसलो हे खरं. भाता नाव मीच ठेवलं. तुला एवढं लागत असेल असं न्हाय वाटलं. ते माझं चुकलं. तेवढंच माझं.

ॲलिसनने निबंध पहिल्यापासून परत लिवला न् आज देऊन आली. मला विचारलं, काकांचं नाव घालू का? मी बोललो, घाल. पाच वर्षं माझं होतं.

सोमवारी बोट मी नेतोय. ॲग्नेसचा भाऊ बाजूला बसणार हाय, माझ्यावर नजर ठेवायला. ठेवू दे.

तू यायचं विचारलंस. आता येऊ नको. आतापर्यंत मी माझ्यावरच चिडत होतो, तुझ्यावर चिडायला बुधवारपासून सुरुवात झालीय. मला पुरता चिडू दे. मंग ये.

पास्कल